वेशीबाहेरचा येशू

(इस्लापूर येथे युवकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

मित्रांनो, जय भीम. आणि ज्यांच्या घरी सलाम करायची रीत आहे त्यांना सलाम.

मला इथं कवी म्हणून बोलावलंय, पण आज कविता वाचणार नाही. मी मुंबईच्या गोदीत ठेकेदाराच्या टोळीत माल उचलतो. शिक्षण मॅट्रिक. धर्मशास्त्राची पदवी माझ्याकडं नाही. पण बायबल वाचलंय आणि बाबासाहेबही वाचलेत. दोन्ही पुस्तकं एकाच ट्रंकेत ठेवतो. ट्रंकेत त्यांची भांडणं होत नाहीत. भांडणं माणसं करतात.

मला दोन प्रश्न कायम विचारले जातात. गोदीत जेवणाच्या सुट्टीत आपलाच एखादा पँथरवाला मित्र विचारतो, "तू ख्रिस्ती, मग चळवळीत कशाला?" आणि रविवारी देवळाच्या पायरीवर पाळक विचारतात, "बाळा, तू ख्रिस्ती, मग जय भीम कशाला?" दोघांनाही वाटतं की मी चुकीच्या दारात उभा आहे. आज दोघांनाही एकच उत्तर देणार आहे, आणि ते उत्तर आपल्या मराठवाड्यातूनच काढणार आहे.

आधी इतिहास. मांग-महार ख्रिस्ती झाले म्हटलं की गावचा पाटील हसतो आणि म्हणतो, "पोटासाठी बाटले." ऐका रे, "बाटले" हा शब्द कुणाच्या तोंडी आहे बघा. ज्यानं आमची सावली बाटवणारी ठरवली, आमच्या हातचं पाणी बाटवणारं ठरवलं, तोच म्हणतो आम्ही बाटलो! आणि पोटासाठी गेले असतील तर गेले. पोट काय पाप आहे? दुष्काळात ज्याच्या पोराला भाकर मिळाली त्यानं भाकर देणाऱ्याचा देव विचारला, यात लाज कसली? पण खरं सांगायचं तर नुसत्या भाकरीसाठी कुणी पिढ्यान्‌पिढ्या टिकत नाही. आमची म्हातारी माणसं आणखी एका गोष्टीसाठी गेली. तिथं कुणीतरी त्यांना नावानं हाक मारली. "ए मांग्या" म्हणून नाही. पाटीवर त्यांच्या पोराचं नाव लिहिलं.

१८५५ साल आठवा. पुण्यात जोतिबा-सावित्रीबाईंच्या शाळेतली मुक्ता नावाची मांगाची पोर. तिनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. वेदांचा अधिकार नाही, मग आमचा धर्म कोणता, असा सरळ सवाल त्या पोरीनं ब्राह्मणांना आणि देवाला केला. हा निबंध छापला कुणी? 'ज्ञानोदय'नं. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशननं काढलेलं ख्रिस्ती नियतकालिक. दलित मुलीचा आवाज मराठीत पहिल्यांदा छापला गेला तो ख्रिस्ती कागदावर. हे मी मिशनची आरती म्हणून सांगत नाही. आज आपल्या मंडळ्यांची मासिकं निघतात, त्यांनी आपल्याच त्या जुन्या अंकाकडं बघावं म्हणून सांगतो. आजच्या किती अंकांत मांगाच्या पोरीचा असा सवाल छापला जाईल?

दुसरं उदाहरण आपल्या जालन्याचं. नारायण शेषाद्री नावाचा ब्राह्मण तरुण १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती झाला. पुढं तो निजामाच्या राज्यात जालन्याला आला. दिवाण सालारजंगनं जमीन दिली आणि जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव वसलं. बेथेल म्हणजे देवाचं घर. त्या घरात राहायला मुख्यतः आले ते मांग आणि महार. ज्या माणसाला गावात पाणवठा नव्हता, त्याला इथं देवाच्या घरात पत्ता मिळाला. ही छोटी गोष्ट नव्हे.

मग बिघडलं कुठं? माणसं आत आली, पण जातीला कुणी दाराबाहेर थांबवलं नाही. तीही चपला काढून आत आली आणि बाकावर बसली.

आपल्या देवळांच्या आणि मिशन शाळांच्या भिंतीवरचे फोटो बघा. पंडिता रमाबाई, रेव्हरंड टिळक, नेहेम्या गोरे. मोठी माणसं, त्यांना माझा मुजरा. पण बहुतेक ब्राह्मण घरची. ज्या हजारो मांग-महारांनी मराठी मंडळी उभी केली, गावकी सोडली, मार खाल्ला, त्यांच्यातला एक तरी फोटो दाखवा. ब्राह्मण ख्रिस्ती झाला की त्याचं चरित्र होतं. मांग ख्रिस्ती झाला की त्याची अहवालात बेरीज होते. एवढे इतके बाप्तिस्मे झाले, संपलं.

आमच्याच आमच्यात काय आहे? महार ख्रिस्ती वेगळा, मांग ख्रिस्ती वेगळा. प्रभुभोजनाला एका प्याल्याला तोंड लावतील, सोयरिकीला तोंड फिरवतील. लग्न जुळवताना अगोदर हळूच विचारतील, "तुमचे पहिले लोक कोणते?" हा "पहिले लोक" शब्द आमच्या मराठी ख्रिस्त्यांनी शोधून काढलाय. जात म्हणायची लाज वाटते म्हणून. बाप्तिस्म्याच्या पाण्यानं पापं धुतली म्हणतात, पण "पहिले लोक" काही त्या पाण्यानं भिजत नाहीत.

दक्षिणेत तर उघडंच आहे. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या कबरस्थानात भिंत घातलेली. एका अंगाला वरच्या जातीचे ख्रिस्ती मुडदे, दुसऱ्या अंगाला दलित ख्रिस्ती मुडदे. मेल्यावर माती व्हायची, तर तिथंसुद्धा माती वेगळी! तमिळनाडूतच एरैयूर गावी २००८ साली दलितांनी आपली वेगळी धर्मपल्ली मागितली, कारण मोठ्या देवळात बरोबरीची जागा नव्हती. दंगल झाली, पोलिसांनी गोळीबार केला, दोन माणसं मेली. दोन्ही बाजूंच्या गळ्यात क्रूसच होता.

मुंबईतली एक गोष्ट सांगतो. माझ्याबरोबर पाळी करणाऱ्या एका माणसाचा बाप वारला. मंडळीची वर्गणी दोन वर्षं थकलेली. कागदावर सही पाहिजे तर आधी थकबाकी भरा, असं सांगितलं. मुडदा घरात आणि पोरगा उसने पैसे मागत टोळीच्या मुकादमाकडं. मुकादम मुसलमान. त्यानं दिले. सांगा, त्या दिवशी त्या देवळात ख्रिस्ती कोण होतं आणि देवळाबाहेर ख्रिस्ती कोण होतं?

आता बाबासाहेबांकडं येतो. १९३५ साली येवल्याला त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. त्यानंतर सगळ्या धर्मांचे लोक त्यांच्या दारात. १ जानेवारी १९३८ ला सोलापुरात ख्रिस्ती लोकांच्या सभेत बाबासाहेब बोलले. त्यांनी सांगितलं की जगातल्या धर्मपुरुषांत त्यांचं मन दोघांकडं ओढतं, बुद्धाकडं आणि ख्रिस्ताकडं. हे वाक्य आमच्या पाळकांना फार आवडतं. पण पुढचं ते सांगत नाहीत. पुढं बाबासाहेबांनी ख्रिस्ती समाजाला समोरासमोर सुनावलं. दक्षिणेत तुमच्या देवळांत जात पाळतात. तुम्ही शिकलात, पण सामाजिक अन्यायाविरुद्ध लढायला तुमच्यातला कुणी पुढं येत नाही. राजकारणात तुम्ही मागं, कारण तुम्ही मिशनऱ्यावर विसंबून राहिलात.

आणि त्यांनी धर्मांतरित ख्रिस्त्यांवर जे लिहून ठेवलं त्यात एक वार फार खोल आहे. ते म्हणतात की या माणसाला शिकवलं जातं, तुझी अवस्था तुझ्या पापामुळं आहे. मग तो आजूबाजूची परिस्थिती बदलायला कशाला जाईल? तो आपलं पाप मोजत बसेल. मित्रांनो, मी हे वाचलं आणि रात्रभर झोपलो नाही. कारण मी लहानपणापासून प्रत्येक चंगाई सभेत हेच ऐकत आलो. आजारी आहेस, पाप असेल. कर्ज झालंय, दशांश दिला नसशील. पोराला नोकरी नाही, विश्वास कमी पडला. सावकाराचं नाव नाही, ठेकेदाराचं नाव नाही, जमीन कुणी गिळली त्याचं नाव नाही. सगळा गुन्हा भुकेल्या माणसाच्या काळजात कोंबून ठेवायचा आणि वर हालेलुया म्हणायचं. मनूनं सांगितलं मागच्या जन्माचं पाप. यांनी सांगितलं याच जन्माचं. आमच्या पाठीवरचं ओझं तेवढंच.

आता सरकारकडं. १० ऑगस्ट १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदानं ठरवलं की हिंदू धर्म सोडून दुसरा धर्म पाळणारा अनुसूचित जातीचा नाही. १९५६ साली त्यात शीख बसवले. १९९० साली बौद्ध बसवले, तेही केवढ्या लढ्यानंतर ते तुम्हाला सांगायला नको. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित अजून बाहेरच. रंगनाथ मिश्रा आयोगानं २००७ साली सांगितलं, तो परिच्छेद काढून टाका. काढला नाही. २०२२ साली माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोग नेमला. आपल्या राज्यात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्याला ओबीसीच्या यादीत टाकलंय. इथं किनवट भागात माझे गोंड, कोलाम, आंध भाऊ बसलेत. त्यांच्या यादीला धर्माची अशी अट नाही. मग आमच्याच यादीला का?

म्हणून आमच्या घराघरात दोन नावं आहेत. देवळात योहान, शाळेच्या दाखल्यावर यशवंत. रविवारी ख्रिस्ती, सोमवारी तहसीलमध्ये हिंदू मांग. १९८९ चा अॅट्रॉसिटीचा कायदा अनुसूचित जातीच्या माणसाला. कागदावर ख्रिस्ती लिहिलं की शिवी तीच, काठी तीच, मारणारा तोच, फक्त कलम गायब. पोराच्या शिक्षणासाठी ज्यानं कागदावर दुसरा धर्म लिहिला त्याला मी खोटारडा म्हणणार नाही. ज्या कायद्यानं बापाला देव आणि पोराची शिष्यवृत्ती यातलं एक निवडायला लावलं, खोटारडा तो कायदा आहे.

पण इथंच आपल्या देवळाचा गुन्हा सुरू होतो, नीट ऐका. सूसै नावाचा एक दलित ख्रिस्ती. मद्रासला रस्त्याच्या कडेला चपला शिवायचा. सरकारनं चांभारकाम करणाऱ्यांना फुकट टपऱ्या वाटल्या, याला दिली नाही, कारण ख्रिस्ती. तो सुप्रीम कोर्टात गेला. १९८५ साली निकाल लागला. कोर्ट म्हणालं, नुसती जात शिल्लक राहिली एवढ्यानं भागत नाही. नव्या धर्मातसुद्धा तसाच जाच, तेवढाच जाच होतो हे दाखवा. आता सांगा, दाखवणार कोण? दर रविवारी वेदीवरून आपण म्हणतो, आमच्यात जात नाही, ख्रिस्तात सगळे एक. आणि दिल्लीला मोर्चा नेऊन म्हणतो, आमच्यात जात आहे, सवलत द्या. दिल्लीत सांगायची आणि देवळात लपवायची! दोन्हींतलं एक खोटं आहे. खोटं बोलणाऱ्याचा दावा कोर्टही ऐकत नाही आणि देवही.

भारतातल्या कॅथलिक बिशपांनी २०१६ साली दलितांबद्दल धोरण जाहीर केलं आणि मान्य केलं की चर्चमध्ये अस्पृश्यता आहे. कागद चांगला निघाला. २०२२ साली आपल्या शेजारच्या हैदराबादचे अँथनी पूला कार्डिनल झाले, दलितांतले पहिले. आनंद आहे. पण वरच्या खुर्चीत एक दलित बसला म्हणून खालच्या बाकावरची जात उठून जात नाही. हे आपल्याला राखीव जागांवर निवडून गेलेल्या आमदारांनी चांगलं शिकवलंय.

आता पाळकांच्या प्रश्नाचं उत्तर. ते मी त्यांच्याच पुस्तकातून देतो.

पौलानं गलतीकरांना लिहिलेलं पत्र उघडा. अंत्युखिया गावची गोष्ट आहे. पेत्र, म्हणजे येशूचा पहिला चेला, परजातीच्या लोकांबरोबर एका पंगतीला जेवत होता. यरुशलेमहून याकोबाकडची सोवळी मंडळी आली. पेत्र घाबरला आणि हळूच पंगतीतून उठला. बाकीचेही उठले. तेव्हा पौलानं त्याला बाजूला घेऊन नाही, सगळ्यांदेखत झापलं, कारण ही वागणूक शुभवर्तमानाला धरून नाही. म्हणजे बघा, सगळ्यात पहिल्या मंडळीतलं मोठं भांडण कशावरून? रोटीव्यवहारावरून! आणि पौलाच्या लेखी ही शिष्टाचाराची गोष्ट नव्हती, सुवार्ता खरी की खोटी याची ती कसोटी होती. मग मी देवळात "पहिले लोक" विचारणाऱ्याला सर्वांदेखत झापलं तर मी बंडखोर कसा? मी तर पत्रात लिहिलंय तेच करतोय.

दुसरं, इब्री लोकांस पत्र, शेवटचा अध्याय. तिथं मराठी बायबलात एक शब्द आहे: वेशीबाहेर. येशू वेशीबाहेर मेला. ज्यानं हे भाषांतर केलं त्याला ठाऊक असो की नसो, पण मराठवाड्यातल्या मांगाला हा शब्द समजवायला पाळक लागत नाही. वेशीबाहेर कोण राहतं? आम्ही राहतो. मेलेली ढोरं कुठं टाकतात? आमच्याकडं. येशूला मारायला नेलं ते आमच्या वस्तीत. आणि ते पत्र पुढं सांगतं की त्याच्याकडं जायचं तर तुम्हीही बाहेर या, त्याची अप्रतिष्ठा अंगावर घेऊन या. आपण काय केलं? त्यालाच उचलून आत आणलं. मिशन कंपाऊंडची भिंत बांधली, फाटक लावलं, फरशी बसवली आणि वेशीबाहेरच्या येशूला वेशीच्या आत कोंडला.

चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे पाद्री अरविंद निर्मळ यांनी १९८१ साली बंगळूरच्या धर्मविद्यालयात शूद्रांच्या ईश्वरविद्येवर भाषण केलं आणि तिथून दलित ईश्वरविद्या सुरू झाली. आज ती सेमिनरीत शिकवतात, परीक्षेला येते. इस्लापूरच्या वस्तीत ती कधी येणार? ज्यांच्यावरून ती लिहिली त्यांनाच ती इंग्रजीत आहे.

भिंतीबाहेर पडलेली माणसं होती. रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि तिथल्या बिशपांना, सिस्टरना ठणकावलं की ब्राह्मणांचं जोखड फेकून आले ते तुमचं जोखड घ्यायला नाही. अर्थ त्यांचा, शब्द माझे. त्यांचं शारदा सदन १८८९ साली उच्चवर्णीय विधवांसाठी निघालं. पण दुष्काळ पडला आणि केडगावच्या मुक्ती सदनाचं दार सगळ्या जातींच्या पोरींना उघडलं. भुकेनं रमाबाईंचंही दार मोठं केलं. टिळकांनी १९१७ साली मिशनची पगारी नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' काढला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तालाही जागा. आणि आपल्या डोळ्यांदेखतचा स्टॅन स्वामी. झारखंडच्या आदिवासींच्या जमिनीसाठी, तुरुंगातल्या पोरांसाठी आयुष्य घालवलं. २०२० च्या ऑक्टोबरात भीमा-कोरेगाव प्रकरणात पकडून तळोजाच्या तुरुंगात टाकलं. हात कापायचे, पेला धरता येईना, पाणी प्यायला नळीचा पेला मिळावा म्हणून कोर्टात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ ला, ८४ वर्षांचा म्हातारा कैदी म्हणूनच मेला. प्रभुभोजनाचा प्याला पुष्कळांनी उचललाय. हा प्याला कोण उचलतो?

आता माझ्या बौद्ध भावांना. १९५६ साली बाबासाहेबांनी आपल्याला वाट दाखवली, तुम्ही त्या वाटेनं गेलात. माझे आजे आधीच दुसऱ्या वाटेनं गेले होते. दोघांच्या पायांत काटा एकच होता. ४ ऑगस्ट १९७८ ला याच नांदेड जिल्ह्यात, टेंभुर्णीला, पोचिराम कांबळे या मातंग माणसाला नामांतराच्या दंगलीत मारलं. त्यानं जय भीम सोडलं नाही. आमच्या देवळात "साक्ष" म्हणून एक कार्यक्रम असतो. माणूस उभा राहतो आणि सांगतो, प्रभूनं माझा ताप बरा केला. चांगलं आहे. पण ग्रीक भाषेत साक्षीदार आणि हुतात्मा याला एकच शब्द आहे. पोचिराम ख्रिस्ती नव्हते, त्यांना मी ख्रिस्ती करत नाही. मी एवढंच म्हणतो की साक्ष कशाला म्हणतात हे आमच्या मंडळीनं त्यांच्याकडून शिकावं. आणि घरी जाऊन म्हाताऱ्यांना विचारा, १९७८ च्या त्या ऑगस्टात आपल्या देवळात कुणासाठी प्रार्थना झाली?

बोलणं पुष्कळ झालं. कामाचं सांगतो. देवळाला सोडा असं मी म्हणत नाही. ते आमच्या आजाच्या घामानं बांधलंय, आम्ही का सोडावं?

एक. पुरण्याच्या कागदाला वर्गणीची अट नको. कुठल्याही मंडळीत अशी अट लावली तर दहा पोरांनी जाऊन उभं राहायचं. मुडदा अडला की आपण तिथं.

दोन. "पहिले लोक" हा प्रश्न सोयरिकीतून काढायचा. महार ख्रिस्ती, मांग ख्रिस्ती, बौद्ध, मातंग यांची लग्नं लागली पाहिजेत. घरचे आले नाहीत तर आपण वऱ्हाडी.

तीन. दर १० ऑगस्टला मोर्चा निघतो, त्याच्या आदल्या रविवारी देवळात उभं राहून आपल्या मंडळीत कुठं कुठं जात पाळली ती मोठ्यानं वाचायची. आधी घरात खरं बोला, मग दिल्लीत मागा.

चार. गावात अत्याचार झाला तर फिर्यादीबरोबर पाळक ठाण्यात गेला पाहिजे, माणूस ख्रिस्ती असो की नसो. जात नसेल तर त्याला हाताला धरून न्या. १४ एप्रिलला देवळाचा हॉल उघडा मागा.

पाच. मिशनच्या जमिनीचे व्यवहार मंडळीपुढं वाचून दाखवा म्हणा. आमच्या नावानं आलेली जमीन कुणाच्या सहीनं गेली ते आम्हाला कळलं पाहिजे.

पोलीस येतील, पाळक रागावतील, बिशपाचं पत्र येईल. येऊ द्या. उद्या सकाळच्या गाडीनं मी मुदखेडमार्गे मुंबईला जातो, पाळी बुडवून परवडत नाही. तुम्ही इथंच आहात. येत्या रविवारी पहिली यादी वाचा आणि काय झालं ते या मासिकाला लिहून कळवा.

जय भीम. सलाम.